धिराचे रुमाल

आमच्या चर्चच्या मंडळीत रंगांचं खूळ माझ्यामुळे शिरलं, हे आधीच कबूल करते. त्यापूर्वी प्रभुभोजनाच्या मेजावर वर्षभर एकच पांढरा सुती कपडा असायचा. सोलापुरातच विणलेला, जाडसर, आणि मळला की धुवायचा एवढाच त्याचा नियम. मग नवे पाळकसाहेब आले. बाहेर शिकून आलेले, तरुण, फार उत्साही. त्यांनी एका रविवारी सांगितलं की चर्चच्या वर्षालाही रंग असतात. वाट पाहण्याच्या आणि पश्चात्तापाच्या दिवसांना जांभळा, नाताळला आणि ईस्टरला पांढरा, पवित्र आत्म्याच्या सणाला लाल, आणि उरलेल्या साध्यासुध्या रविवारांना वाढीचा हिरवा. लोकांनी माना डोलावल्या. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हटलं, हे तर आपलं काम.

वडील गिरणीत डाईंग खात्यात होते. त्यांची नखं मी कधी नखांच्या रंगाची पाहिली नाहीत. गिरणी बंद पडल्यावर ते घराच्या गच्चीवर दोन मोठी पातेली मांडून लोकांचं सूत, जुन्या साड्या, येईल ते रंगवून द्यायचे, आणि शाळेतून आले की ढवळायची काठी माझ्या हातात. पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले, यथावकाश निवृत्त झाले, पण शिकले ते गच्चीवरच. रेशमाला खळखळून उकळी द्यायची नाही. ते हळूहळू मुरू द्यायचं आणि सावलीत वाळवायचं. लाखेपासून जांभळट लाल, मंजिष्ठेपासून लाल, नीळ तर आहेच, आणि डाळिंबाच्या सालीचा पिवळा. डाळिंबं आमच्याकडे उदंड, त्यामुळे सालींना तोटा नाही. निवृत्तीनंतर मी वडिलांची पातेली माळ्यावरून काढली आणि मेजासाठी चार रंगांची चार रेशमी वस्त्रं केली. पाळकसाहेबांनी त्यांचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. तिथे एवढे हात जोडलेले आले की दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण स्तुती ऐकलेली बाई थांबते कुठे! मीच पाळकसाहेबांना सुचवलं, की आजाऱ्यांसाठी रुमाल करू या. हातभर लांबरुंद रेशीम, माणसाला ज्या धिराची गरज असेल त्या रंगाचं. बरं होण्यासाठी निळा, सोसण्यासाठी जांभळा, आशेला हिरवा, देवाच्या राज्याची आठवण म्हणून सोनेरी पिवळा. बायकांनी त्याला ‘धिराचा रुमाल’ नाव दिलं.

पहिला रुमाल मंडळीतल्या एका निवृत्त रेल्वेवाल्यासाठी झाला. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. रविवारी उपासनेत तो निळा रुमाल पहिल्या बाकावरून निघाला. प्रत्येकानं तो दोन्ही हातांत धरायचा, डोळे मिटायचे आणि शेजारच्याला द्यायचा. बाकामागून बाक करत तो माझ्यापर्यंत आला तेव्हा चक्क गरम झाला होता. दोन महिन्यांनी ते गृहस्थ तो रुमाल गळ्यात घालून स्वतःच्या पायांनी चर्चमध्ये आले, आणि लोक रडले. मीही रडले. तोंडानं म्हणत होते देवाची करणी, आणि मनात म्हणत होते, रंग माझा.

चूक आमची तिथून सुरू झाली. एवढ्या थाटामाटाचा रुमाल साध्या तापाला कोण मागणार? कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची साखर वाढलेली, पण नाव विचारलं की म्हणायचे, ‘छे हो बाई, माझं काय एवढं! दुसऱ्या कुणाला द्या.’ भिडेखातर कुणी मागायचं नाही. नाव यायचं ते डॉक्टरांनी हात टेकल्यावर. मग मी घाईघाईनं रुमाल रंगवायची, तो बाकांवरून फिरायचा, मी तो पोचवायची आणि आठ-पंधरा दिवसांत तो त्या माणसाच्या हातात देऊन शवपेटी बंद व्हायची. त्या रेल्वेवाल्यांनंतर एकही रुमाल चर्चमध्ये परत आला नाही. हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. एक मीच तेवढी रंगांच्या छटा जुळवण्यात गुंग होते.

माझ्या डोक्यात उजेड पडला तो मैंदर्गीत. तिथे आमच्या मंडळीतलं एक कुटुंब राहतं. घरच्या सुनेची किडनी खराब झाल्याचं कळलं, म्हणून मी निळा रुमाल केला आणि एस.टी.नं अक्कलकोटला उतरून दुसरी गाडी पकडून भर उन्हात त्यांच्या दारात उभी राहिले. तिच्या नवऱ्यानं दार उघडलं. माझ्या हातातलं कागदात गुंडाळलेलं रेशीम त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘अजून तेवढं झालेलं न्हाय हो.’

आतून त्याची म्हातारी आई कानडीत ओरडली, ‘ब्याड! ब्याड!’ नको, नको. त्यानं मला पाणी दिलं, चहाचंही विचारलं, पण उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मी तो रुमाल पर्समध्ये घालून परतीची गाडी पकडली. मला राग आला होता त्याचा, आणि अक्कलकोट येईपर्यंत तो सगळा राग माझ्याकडेच वळला होता. माझा रुमाल म्हणजे काय, हे सगळ्यांना कळलं होतं. मी दारात दिसले की माणूस गेलाच.

घरी येऊन मी हे माझ्या धाकट्या बहिणीला सांगितलं. आम्ही दोघीच राहायचो. तिनं लग्न केलं नाही, माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. ती एका दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. मरण तिनं माझ्यापेक्षा कितीतरी जवळून पाहिलेलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, ‘अक्का, यमाला रेडा असतो, तुला एस.टी. हाय, एवढाच फरक.’ आणि हसता हसता तिनं पोट धरलं ते सोडलंच नाही. ते दुखणं तिला आधीपासून होतं. मला तिनं त्या दिवशी पहिल्यांदा दाखवलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांच्या घरी सारखंच असतं. तपासण्या, फायली, सलाईन, गळणारे केस. रिपोर्ट तिनं माझ्याआधी वाचला, नीट घडी घालून पाकिटात ठेवला आणि विचारलं, ‘जेवायला काय हाय?’ जेवताना म्हणाली, ‘एक ऐक. माझ्यासाठी रुमाल करायचा न्हाय. मंडळीत सांगून ठेव.’

मी शब्द दिला. देताना मला बरं वाटलं, हे लिहायची लाज वाटते. कारण तोपर्यंत माझ्या मनात एक खुळी समजूत घट्ट बसली होती, की रुमाल झाला नाही तर ती मरणार नाही. आयुष्यभर मी शेजारणींच्या उताऱ्यांना, लिंबू-मिरच्यांना नाक मुरडलं, आणि आता मी स्वतः हे असलं काहीतरी कवटाळून बसले होते. ह्याला विश्वास म्हणत नाहीत, हे मला कळत होतं. तरीही मी दोन्ही पातेली घासून गच्चीवर पालथी घातली आणि उरलेलं रेशीम वाटून टाकलं. एकच कोरा तुकडा ट्रंकेच्या तळाशी राहिला, तोही माझ्या नजरेतून सुटला म्हणून.

एका रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत तिच्यासाठी प्रार्थना केली आणि सरळ मनानं म्हणाले, ‘आपल्या ह्या भगिनीसाठीही बाई रुमाल करतीलच.’

मी उभी राहिले. ‘माझी बहीण मरायला टेकलेली नाही,’ मी म्हणाले. ‘तिच्यासाठी रुमाल होणार नाही.’

बाहेर आल्यावर पाळकसाहेब मागे आले. ‘बाई, रुमाल धीर देण्यासाठी असतो,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘मग एक तुमच्या घरी टांगून ठेवा.’ त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं.

मंडळीतली माणसं घरी यायची. फळं आणायची, गाणं म्हणायची, आणि जाण्याआधी तिच्या दुखण्याचा अर्थ सांगायची. एक म्हणायची देव परीक्षा बघतोय. दुसरी म्हणायची ह्यातून देवाच्या करणीची मोठी साक्ष होणार आहे. कुणी म्हणायचं, ज्यांच्यावर प्रभूची प्रीती असते त्यांनाच तो असं ताडन करतो. बहीण उशीला टेकून सगळं ऐकायची. पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकायची सवय होती तिला. दार लागलं की मला विचारायची, ‘आज काय अर्थ निघाला?’ आम्ही सुरुवातीला हसायचो. नंतर ती विचारायची, पण हसायची नाही.

मी त्या दिवसांत प्रार्थना करत होते असं म्हणण्यापेक्षा घासाघीस करत होते, असं म्हणणं खरं. दिवाळीपर्यंत दे. बरं, राहिलं, नाताळपर्यंत तरी दे. बरं होणं नको, दुखणं तेवढं कमी कर. मी खाली खाली येत गेले आणि वरून काहीच उत्तर आलं नाही. केमोच्या तिसऱ्या इंजेक्शनानंतर तिचं शरीर साथ देईना. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, त्रास होणार नाही एवढं बघू. मला आशा नव्हती. आशा नसताना माणूस काय करतं? स्वयंपाक करतं, चादरी धुतं, बेडपॅन धुतं. मीही तेच केलं.

एका दुपारी मी तिची नखं काढत बसले होते. लाइट गेल्यामुळे पलीकडच्या गल्लीतले यंत्रमाग बंद पडले होते, म्हणून तिचा बारीक झालेला आवाज मला ऐकू आला.

‘अक्का, माझा रुमाल कुठल्या रंगाचा करणार हायस?’

‘कसला रुमाल? करायचा न्हाय म्हणालीस की.’

‘म्हणाले होते. आता कर.’

तिनं ते इतकं साधेपणानं म्हटलं, की मी नेलकटर खाली ठेवलं. मी चिडले. मरणाऱ्या माणसावर चिडतं का कुणी? मी चिडले. तू शब्द फिरवतेस, असं म्हणाले. ती म्हणाली, ‘शब्द तू दिला होतास, मी न्हाय.’ मग मी रडले, आणि ती माझं रडून व्हायची वाट बघत पडून राहिली.

शेवटी मी विचारलं, ‘जांभळा करू?’

‘नको. लई सोसून झालं.’

‘पांढरा?’

‘तीस वर्सं तोच घातला की अंगात.’

‘निळा?’

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. निळा बरं होण्यासाठी असतो. मीच खाली बघितलं.

‘मग पिवळा करते. सोनेरी. राज्याचा.’

‘कर. पण आजच कर. उद्याचं सांगता येत न्हाय.’ हे ती ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगितलं असणार.

मी ट्रंकेतून तो तुकडा काढला. मागच्या महिन्यात तिला पाजलेल्या रसाच्या डाळिंबांच्या साली वाळवलेल्या होत्या, कशाला वाळवल्या होत्या देव जाणे, हाताची सवय. गच्चीवर गेले, पातेलं सरळ केलं, शेगडी पेटवली. आणि पाणी बघितलं तर पिंपं कोरडी ठणठणीत. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि त्या आठवड्यात सगळं पाणी तिच्या चादरी धुण्यात गेलं होतं. नळ यायला अजून दोन दिवस होते. वरच्या टाकीत बोअरचं पाणी होतं, जुन्या लोखंडी पाइपातून चढलेलं. मी ते घेतलं.

वडिलांनी बोअरचं पाणी रेशमाच्या जवळपासही येऊ दिलं नसतं. लोखंड आणि डाळिंबाची साल एकत्र आली की रंग काळा पडतो, हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं. वर्गात मुलींना शिकवलेलंही आहे. शेजारच्या तेलुगू काकूंकडे दोन घागरी नळाचं पाणी मागितलं असतं तर त्यांनी चार दिल्या असत्या. हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. साली उकळायला लागल्या तेव्हाच पाणी काळपट दिसलं, आणि मी स्वतःला सांगितलं, साली जास्त झाल्या असतील. तुरटीच्या पाण्यातून काढलेलं रेशीम आत सोडलं आणि काठीनं ढवळत राहिले.

बाहेर काढलं तेव्हा ते ना पिवळं होतं, ना हिरवं, ना राखाडी. खरकटी भांडी विसळून उरलेल्या पाण्याचा असतो तसला रंग. मी दोनदा धुतलं. लिंबू पिळलं. रंग काही हटेना. दुसरा तुकडा घरात नव्हता, दुसरा दिवस मिळेल असं तिनं सांगितलं नव्हतं. मी गच्चीवर मोठमोठ्यानं रडले. खाली ऐकू जाईल ह्याचीसुद्धा पर्वा केली नाही. एवढे रुमाल मी परक्यांसाठी केले, सगळे कसे नितळ उतरले, आणि माझ्या बहिणीचा एकच बिघडला.

उन्हं उतरेपर्यंत तो वाळला. मी खाली गेले आणि तो तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

‘हा कुठला रंग?’

‘बिघडला गं. बोअरचं पाणी होतं.’

‘अर्थ काय ह्याचा?’

‘काही न्हाय. ह्याला काय अर्थ असणार?’

ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, आणि तेवढ्यानंही तिला खोकला आला. ‘बेस झालं,’ ती म्हणाली. ‘राहू दे माझ्यापाशी.’ आणि खोकून झाल्यावर तिनं त्या रुमालानं तोंड पुसलं. आजवर एकाही धिराच्या रुमालानं कुणी तोंड पुसलं नव्हतं. लोक ते छातीवर ठेवायचे, उशीखाली ठेवायचे, भिंतीला लावायचे. तिनं तोंड पुसलं, मानेचा घाम पुसला, आणि तो गालाखाली घेऊन झोपली.

त्यानंतर ती दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी पहाटे नळ आला. मी बादल्या भरून पिंपात ओतत होते, कारण पाणी तासभरच असतं आणि तिच्या चादरी धुवायच्या होत्या. खोलीत परत गेले तेव्हा ती गेलेली होती. मी जवळ नव्हते. ह्यापुढे मला धीर देणारं काही कुणाला सुचेल असं वाटत नाही, आणि सुचलं तरी मला ते ऐकायचं नाही.

कबरस्थानात पेटीचं झाकण लावण्याआधी पाळकसाहेब रुमालाच्या रंगाबद्दल दोन वाक्यं बोलतात, ही रुमाल निघाल्यापासूनची त्यांची पद्धत. ते पुढे आले. तिच्या हाताखाली चुरगळलेला तो कपडा त्यांनी पाहिला आणि थबकले. तो रंग कुठल्याच यादीत नव्हता. मग त्यांनी घसा साफ केला.

‘हा राखेचा रंग आहे,’ ते म्हणाले. ‘आपण माती आहोत, आणि...’

‘साहेब,’ मी म्हणाले, ‘तो राखेचा नाही. तो बिघडलेला पिवळा आहे.’

सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. पाळकसाहेब रागावले नाहीत. त्यांनी हळू आवाजात, खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं, ‘मग मी काय सांगू, बाई?’

‘काही सांगू नका,’ मी म्हणाले. ‘ती त्यानं तोंड पुसायची.’

ते बाजूला झाले, आणि माणसांनी झाकण लावलं.